पदवीधर-गौरव (भंडारा जिल्हा)

पदवीधर-गौरव म्हणजे विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने आपल्या माजी विद्यार्थ्याच्या व्यावसायिक कर्तृत्वाची आणि समाजसेवेची दखल घेऊन त्याचा केलेला जाहीर सन्मान होय. परीक्षेतील गुणवत्तेसाठी दिली जाणारी पदके व पारितोषिके विद्यार्थिदशेतच मिळतात. पदवीधर-गौरव हा मात्र पदवी मिळाल्यानंतर अनेक वर्षांनी, त्या पदवीचा उपयोग कसा केला हे पाहून दिला जातो. सन्माननीय पदवी, जीवनगौरव स्वरूपाचे पुरस्कार आणि माजी विद्यार्थ्यांचे सत्कार हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत.

महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जिल्ह्यात स्वतंत्र विद्यापीठ नसल्याने येथील पदवीधरांच्या गौरवाची परंपरा नागपूर विद्यापीठाच्या आणि जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांच्या वाटचालीशी जोडलेली आहे.

## संज्ञा

‘स्नातक’ हा शब्द संस्कृतमधील ‘स्ना’ (स्नान करणे) या धातूपासून आला आहे. गुरुगृही अध्ययन संपल्यावर ‘समावर्तन’ हा संस्कार होत असे. त्या वेळी विधिपूर्वक स्नान करून घरी परतणाऱ्या शिष्यास स्नातक म्हणत. निरोप घेणाऱ्या शिष्याने पुढील आयुष्यात कसे वागावे, याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीत आला आहे. आधुनिक विद्यापीठांतील पदवीदान समारंभाला ‘दीक्षान्त समारंभ’ हे नाव रूढ झाले, त्यामागे हीच कल्पना आहे. शिक्षण संपते तेथे शिष्याची जबाबदारी सुरू होते, असा या विधीचा आशय असून ती जबाबदारी पार पडल्याची पोच म्हणून पदवीधर-गौरवाकडे पाहता येते.

मराठीत यासाठी ‘माजी विद्यार्थी सत्कार’, ‘गुणगौरव’, ‘जीवनगौरव’ आणि ‘जीवन साधना’ अशा संज्ञा वापरल्या जातात. त्यांपैकी ‘गुणगौरव’ हा शब्द व्यवहारात शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षेतील गुणवंतांच्या कौतुकासाठी अधिक वापरला जातो.

## इतिहास

नागपूर येथे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. त्या काळी मध्य प्रांतात विद्यापीठ नव्हते. त्यामुळे या महाविद्यालयांचे विद्यार्थी प्रथम कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. भंडारा, तुमसर किंवा पवनी येथून नागपुरात शिकण्यास गेलेल्या तरुणाच्या पदवीपत्रावर शेकडो मैल दूरच्या विद्यापीठाची मुद्रा असे. अशा विद्यापीठाचा आपल्या पदवीधराच्या पुढील आयुष्याशी संबंध राहणे कठीण होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू होते. प्रारंभी सहा महाविद्यालये विद्यापीठाशी संलग्न होती. पुढे कार्यक्षेत्राची विभागणी होत गेली. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ, १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ आणि २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. सध्या नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. २००५ मध्ये विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये विद्यापीठाने शंभर वर्षे पूर्ण केली.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेशात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासनाच्या या स्थित्यंतरांत जिल्ह्याचे नागपूर विद्यापीठाशी असलेले नाते मात्र कायम राहिले.

जिल्ह्यातच महाविद्यालये सुरू झाल्यावर उच्च शिक्षणासाठी नागपूरला जाण्याची अपरिहार्यता कमी झाली. गोंदिया येथील मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या गोंदिया शिक्षण संस्थेचा या विस्तारात मोठा वाटा आहे. भंडारा येथील जे. एम. पटेल महाविद्यालय व साकोली येथील मनोहरभाई पटेल महाविद्यालय ही याच संस्थेची आहेत. तुमसर येथील एस. एन. मोर महाविद्यालय आणि लाखनी येथील समर्थ महाविद्यालय हीदेखील जिल्ह्यातील परिचित महाविद्यालये आहेत.

## गौरवाचे प्रकार

### सन्माननीय पदवी

विद्यापीठाकडून मिळणारा हा सर्वोच्च सन्मान मानला जातो. साहित्य, कला व समाजकार्य यांसाठी डी.लिट., विज्ञानासाठी डी.एस्सी. आणि विधी व सार्वजनिक जीवनातील कार्यासाठी एलएल.डी. या पदव्या सामान्यतः दिल्या जातात. त्यांसाठी परीक्षा किंवा प्रबंध नसतो. सन्मानित व्यक्ती त्याच विद्यापीठाची पदवीधर असावी, अशी अटही नसते. विद्यापीठाने आपल्याच पदवीधरास अशी पदवी दिली, तर एका व्यक्तीच्या नावावर एकाच संस्थेच्या दोन पदव्या जमा होतात. पहिली अभ्यासाची असते आणि दुसरी आयुष्यभराच्या कार्याची.

### जीवन साधना पुरस्कार

नागपूर विद्यापीठाच्या ४ ऑगस्ट या वर्धापनदिनाशी जीवन साधना पुरस्काराची परंपरा जोडलेली आहे. विविध क्षेत्रांत दीर्घकाळ काम केलेल्या व्यक्तींना तो दिला जातो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही १० फेब्रुवारी या वर्धापनदिनी ‘जीवनसाधना गौरव पुरस्कार’ देण्याची प्रथा आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १० मार्च या स्थापनादिनी विशेष कर्तृत्व गाजवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना पुरस्कार दिले जातात. ‘साधना’ या शब्दातून एखाद्या क्षणिक यशापेक्षा दीर्घ व सातत्यपूर्ण परिश्रम सूचित होतात.

### महाविद्यालयीन सत्कार

माजी विद्यार्थी मेळावा, स्नेहसंमेलन किंवा संस्थेचा वर्धापनदिन या निमित्ताने महाविद्यालये आपल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि मानपत्र असे त्याचे प्रचलित स्वरूप आहे. विद्यापीठाच्या पुरस्काराइतका त्याचा गाजावाजा होत नाही, परंतु ज्यांनी शिकवले ते प्राध्यापक, सोबत शिकलेले वर्गमित्र आणि सध्या त्याच बाकांवर बसणारे विद्यार्थी एकत्र येण्याचा हाच प्रसंग असतो.

### सुवर्णपदके

सुवर्णपदके परीक्षेतील गुणवत्तेसाठी असल्याने काटेकोर अर्थाने ती पदवीधर-गौरवात मोडत नाहीत. तथापि भंडारा–गोंदिया परिसरात त्यांना मोठे सार्वजनिक महत्त्व आहे. मनोहरभाई पटेल यांच्या ९ फेब्रुवारी या जयंतीच्या निमित्ताने दोन्ही जिल्ह्यांतील गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देण्याचा समारंभ गोंदिया येथे होतो. पदक मिळवणाऱ्या विद्यार्थ्याने पुढे काय केले, हा प्रश्न पदक देताना विचारता येत नाही. तो विचारणे हेच पदवीधर-गौरवाचे प्रयोजन होय.

## उल्लेखनीय उदाहरणे

### बाबा आमटे

मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतले आणि काही काळ वरोरा येथे वकिली केली. पुढे व्यवसाय सोडून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेस वाहून घेतले. महारोगी सेवा समितीच्या माध्यमातून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. १९८० मध्ये नागपूर विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. १९८५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या पदवीच्या बळावर त्यांनी वकिली केली, तो व्यवसाय त्यांनी मागे टाकला आणि त्यानंतरच्या कार्यासाठी विद्यापीठाने त्यांना पुन्हा पदवी दिली. व्यावसायिक यश आणि सेवा यांची मोजमापे भिन्न असू शकतात, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

### अभय बंग आणि राणी बंग

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी नागपूर विद्यापीठातून वैद्यकीय पदव्या घेतल्या. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातील प्रशिक्षित स्त्रीच्या मदतीने नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. या कामावरील शोधनिबंध १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. येथे पदवी आणि सेवा एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, कारण वैद्यकीय ज्ञान हेच त्यांच्या सेवेचे साधन आहे.

### मोहम्मद हिदायतुल्ला

मॉरिस महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला (१९०५–१९९२) यांनी पुढे केंब्रिज येथे शिक्षण घेतले. ते १९६८ ते १९७० या काळात भारताचे सरन्यायाधीश आणि १९७९ ते १९८४ या काळात उपराष्ट्रपती होते. सर्वोच्च पदे भूषवण्याआधी त्यांनी नागपूर विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेचे अधिष्ठाता म्हणूनही काम पाहिले. ज्या शहरात शिक्षण घेतले, तेथील विद्यापीठाला आपला वेळ व ज्ञान परत देणे ही पदवीधराच्या सेवेची दुसरी तऱ्हा होय.

### डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. आंबेडकर हे नागपूर विद्यापीठाचे पदवीधर नव्हते, परंतु विद्यापीठाने आपल्या पदवीधराचा गौरव करण्याचे त्यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे आणि त्याचा भंडारा जिल्ह्याच्या इतिहासाशी संबंध आहे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. आणि पुढे १९२७ मध्ये पीएच.डी. या पदव्या मिळवल्या. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवल्यानंतर ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. प्रदान केली. संविधानाचे शिल्पकार, समाजसुधारक आणि मानवी हक्कांचे पुरस्कर्ते या नात्याने त्यांच्या कार्याची दखल त्या वेळी घेण्यात आली. १२ जानेवारी १९५३ रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली.

त्यानंतर १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. हा मतदारसंघ त्या वेळी द्विसदस्यीय होता. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. विद्यापीठाचा गौरव आणि मतदारांचा कौल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे भंडाऱ्याच्या या निवडणुकीतून दिसते. निवडणुकीचा निकाल त्या दिवसापुरता असतो. विद्यापीठाला मात्र दीर्घ काळाचा विचार करता येतो आणि म्हणूनच त्याच्या निवडीवर अधिक जबाबदारी असते. कोलंबियाने २००४ मध्ये आपल्या २५० व्या वर्षानिमित्त काळाच्या पुढे असलेल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये डॉ. आंबेडकरांचा पुन्हा समावेश केला.

## निवड आणि मानपत्र

गौरवासाठी व्यक्ती निवडण्याची पद्धत संस्थेनुसार बदलते. सर्वसाधारणपणे नामनिर्देशन मागवणे, परिचयपत्राची छाननी करणे, समितीने शिफारस करणे आणि अधिकार मंडळाने मान्यता देणे असे टप्पे असतात. विचारात घेतल्या जाणाऱ्या बाबी पुढीलप्रमाणे:

* स्वतःच्या क्षेत्रातील कामाची गुणवत्ता व मौलिकता
* कामाचे सातत्य आणि कालावधी
* त्या कामाचा समाजास झालेला उपयोग
* शिक्षणसंस्थेशी व विद्यार्थ्यांशी राखलेला संबंध
* सचोटी आणि सार्वजनिक वर्तन

गौरवाचा टिकाऊ दस्तऐवज म्हणजे मानपत्र. शाल जुनी होते, हार सुकतात, परंतु मानपत्र भिंतीवर आणि संस्थेच्या दप्तरात राहते. संबोधन, पूर्वपीठिका, कार्याचा आढावा, कृतज्ञता व शुभेच्छा आणि शेवटी संस्थेच्या वतीने स्वाक्षऱ्या अशी त्याची पारंपरिक रचना असते. मराठीत मानपत्राची भाषा अलंकारिक असण्याची प्रथा आहे. मात्र केवळ विशेषणांनी भरलेले मानपत्र कोणालाही लागू पडते. गाव, वर्ष, कामाचे स्वरूप आणि त्यामुळे झालेला बदल यांची नोंद असलेले मानपत्र पुढे स्थानिक इतिहासाचे साधन ठरू शकते.

## कायदेशीर व संस्थात्मक चौकट

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. या अधिनियमानुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. त्यांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक याप्रमाणे राखीव आहेत. पदवी मिळाल्याने मतदार म्हणून नोंदणी आपोआप होत नाही, त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. पदवीधर हा सत्काराचा मानकरी असतो, तसाच तो विद्यापीठाच्या कारभारातील वाटेकरीही असतो, हे या तरतुदीतून मान्य झाले आहे.

महाविद्यालयांच्या पातळीवर राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) निकषांचा परिणाम झाला आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या मूल्यांकनात विद्यार्थी साहाय्य व प्रगती या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा विचार होतो. महाविद्यालयाची नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटना आहे काय आणि तिचे योगदान काय, याची माहिती द्यावी लागते. त्यामुळे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली माजी विद्यार्थी संघटनांची रीतसर नोंदणी करण्याकडे महाविद्यालयांचा कल वाढला.

## भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात महत्त्व

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे जिल्ह्याचे सात तालुके आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश भातशेती आणि तलावांसाठी ओळखला जातो. भंडारा शहरापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटरवर असल्याने शिक्षण आणि नोकरी या दोन्ही कारणांनी पदवीधरांचा ओढा त्या शहराकडे राहतो. तेथून अनेक जण पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा परदेशात जातात.

अशा जिल्ह्यात पदवीधर-गौरवाला दोन बाजू आहेत. बाहेर जाऊन नाव मिळवलेल्या पदवीधराला गावी बोलावणे ही पहिली बाजू होय. त्यामुळे भातशेती करणाऱ्या कुटुंबातून महाविद्यालयात आलेल्या, विशेषतः घरातील पहिल्याच पिढीत पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला आपल्यासारख्याच पार्श्वभूमीचा माणूस समोर दिसतो. अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा व नोकरी यांविषयी त्याला थेट माहिती मिळू शकते.

दुसरी बाजू जिल्ह्यातच राहिलेल्या पदवीधरांची आहे. आदिवासी गावांतील शाळांत शिकवणारे शिक्षक, तालुक्याच्या ठिकाणी सेवा देणारे डॉक्टर, ग्रंथपाल, पशुवैद्यक, कृषी विस्तार कार्यकर्ते आणि आरोग्य परिचारिका यांचे काम परिसराला रोज उपयोगी पडते, परंतु त्याची बातमी होत नाही. त्यांच्या कर्तृत्वाची माहिती सर्वांत आधी त्यांना शिकवणाऱ्या स्थानिक महाविद्यालयास असते. त्यामुळे विद्यापीठाच्या किंवा राज्याच्या पुरस्कारांपर्यंत न पोहोचणाऱ्या कार्याची नोंद घेण्याचे काम महाविद्यालयीन सत्कारच अधिक चांगल्या रीतीने करू शकतो.

## मर्यादा व आक्षेप

पदवीधर-गौरवाच्या प्रथेवर सामान्यतः पुढील आक्षेप घेतले जातात.

पदाला प्राधान्य : पद, वेतन आणि प्रसिद्धी सहज मोजता येतात, सेवा मोजता येत नाही. त्यामुळे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि उद्योजक यांची निवड सुलभ होते, तर शांतपणे काम करणारे मागे पडतात.

देणगीशी सांगड : माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून शिक्षणसंस्थांना मोठे बळ मिळते. नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेस ३१५ कोटी रुपये दिले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यांना त्या संस्थेचा माजी विद्यार्थी पुरस्कार मात्र १९९९ मध्येच, म्हणजे या देणगीच्या कितीतरी आधी, मिळाला होता. गौरव आधी कार्यासाठी व्हावा आणि देणगी कृतज्ञतेतून यावी, हा क्रम उलटला तर पुरस्काराची प्रतिष्ठा कमी होते.

स्त्रियांचे अल्प प्रमाण : विवाहानंतर नाव व गाव बदलल्याने माजी विद्यार्थिनींचा संस्थेशी संपर्क तुटण्याची शक्यता अधिक असते. जुन्या नोंदींतील नावावरून शोध घेतला न गेल्यास त्यांच्या कार्याची माहिती निवड समितीपर्यंत पोहोचत नाही.

अपुऱ्या नोंदी : प्रवेशपुस्तके, वार्षिक अंक आणि निकालपत्रके यांचे जतन झाले नसेल, तर कोण कोणत्या वर्षी शिकले हेच निश्चित करता येत नाही. निवड अशा वेळी स्मरणावर आणि ओळखीवर अवलंबून राहते.

## पदवीविना गौरव

महाराष्ट्रातील काही विद्यापीठांची नावे या विषयाला वेगळे परिमाण देतात. नागपूर विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते ‘ग्रामगीता’कार तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. अमरावती विद्यापीठाला नाव दिलेले संत गाडगेबाबा आणि जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला नाव दिलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांनीही विद्यापीठीय शिक्षण घेतले नव्हते. ग्रामसुधारणा, स्वच्छता, लोकशिक्षण आणि लोकभाषेतील काव्य ही त्यांची कामगिरी आहे.

भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर आज तुकडोजी महाराजांचे नाव असते. विद्यापीठाचे प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याची ग्वाही देते आणि त्यावरील नाव समाजाच्या उपयोगी पडण्याची अपेक्षा व्यक्त करते. पदवीधराचा गौरव करताना निवड समितीला त्या अपेक्षेची पूर्ती तपासावी लागते.

## हे सुद्धा पहा

* राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ
* भंडारा जिल्हा
* दीक्षान्त समारंभ
* मानपत्र
* आनंदवन
* मनोहरभाई पटेल